अकरा नंबरचा माइक

एसेनगुलने लिहिलेली पद्धत नऊ पानांची होती, आणि तिच्यातला शब्द न् शब्द पाळला गेलाच पाहिजे असा त्याचा खाक्या होता. खेळ कॉम्प्युटरवरचा असला म्हणून काय झालं? तेवीस माणसं आपापल्या घरी बसून तेवीस विमानं एकामागोमाग एक उडवणार, तीही बोओमच्या अरुंद घळीतून. एकाने गाढवपणा केला की मागच्या सगळ्यांचा विचका. सैन्यात बारा वर्षं तो विमानांच्या इंजिनांत हात काळे करत होता. उडवायला मात्र त्याला कधी कुणी दिलं नाही. आता चौपन्नाव्या वर्षी, आठवडाभर कारा-बाल्टातल्या लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचे आणि शनिवारी दुपारी रांगेतलं पहिलं विमान उडवायचं, असा त्याचा क्रम होता.

इंजिन लावायला परवानगी घ्यायची. दोन विमानांत दोन मिनिटांचं अंतर ठेवायचं. बोलायचं ते फक्त आपला नंबर आणि आपली जागा, बाकी चकार शब्द नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, कारण जॉयस्टिकवरचं बोलायचं बटण एकाने दाबून ठेवलं की बाकी बाविसांची तोंडं बंद होतात. म्हणून ज्याचं बटण अडकेल त्याला नियंत्रकाने तिथल्या तिथे बाहेर काढायचं. आणि रांग सोडून कुणी मध्येच नाहीसं व्हायचं नाही.

नियंत्रक होत्या अलेव्तिना पेत्रोव्ना. वय सत्तर, राहायला बिश्केकमध्ये. तीस वर्षं त्यांनी खऱ्याखुऱ्या विमानांना खऱ्याखुऱ्या मनोऱ्यातून उतरवलं होतं. त्यांचा आवाज कधी चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या शनिवारी उड्डाणाआधी सगळे जमले. जुनी दुपंखी विमानं घेऊन बिश्केकहून तोकमोक, तिथून घळीतून सरोवराकाठी, आणि शेवटी काराकोल, असा बेत होता.

"बैके, चहा प्यायला चालेल ना? का त्यालाही परवानगी लागते?" हा बारा नंबर, तोकमोकच्या खानावळीतला आचारी युसूर. बैके म्हणजे थोरला भाऊ; एसेनगुलला सगळे तसंच म्हणत.

"पी बाबा. पण माइक बंद करून पी. मागच्या वेळी तुझे भुरके काराकोलपर्यंत ऐकू येत होते."

सगळे हसले. मग एसेनगुलने घसा खाकरला.

"अकरा नंबर. ऐकतेयस ना, उलकान?"

"ऐकतेय, बैके."

"तीन वेळा झालं. घळ आली की तू गायब. न सांगता, न विचारता. मागे तुझ्यामुळे बारा नंबर डोंगरात घुसला."

"मी कुठे घुसलो? डोंगरच आला अंगावर," युसूर म्हणाला.

"थट्टा पुरे. उलकान, सगळ्यांसमोर सांगतोय. आज रांग सोडलीस तर पुन्हा जागा मिळणार नाही. कायमचं नाव कापीन. इथे काय धर्मशाळा आहे, वाटेल तेव्हा उठून जायला?"



"नाही सोडणार, बैके," उलकान हळूच म्हणाली. "आज काही झालं तरी नाही सोडणार."

एसेनगुलला बरं वाटलं. या बाईला गटात त्यानेच आणलं होतं. वसंतात तिचा फ्रिज बघायला गेला होता, त्याच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. फ्रिज सरकवला तर मागे पिठाच्या पोत्याआड, टॉवेलात गुंडाळलेली जॉयस्टिक. ती लाजेने लाल झाली आणि हा हरखला. अर्धा तास दोघं विमानांवरच बोलत बसले. तिचा नवरा तालाय म्हणजे गावातली मोठी असामी. कुस्तीचा प्रशिक्षक. गावातली निम्मी तरणी पोरं त्याच्या हाताखालून गेलेली. लग्नकार्यात त्याला नेहमी मानाच्या जागी बसवत.

उड्डाण झकास झालं. एकामागून एक विमानं धावपट्टीवरून उठली, तोकमोकवरून गेली. "एक, घळीच्या तोंडाशी." "दोन, घळ दोन मिनिटांवर." अलेव्तिना पेत्रोव्ना प्रत्येकाला "कळलं" म्हणत होत्या. एसेनगुलच्या दोन्ही बाजूंना तपकिरी कडे वर चढू लागले. त्याने विमान नदीच्या उजव्या अंगाला धरलं.

"अकरा, तोकमोक मागे टाकलं," उलकानचा आवाज आला. "उंची..."

पुढचा आकडा आलाच नाही. आवाज मात्र चालू राहिला. आधी कुलपात किल्ली फिरल्याचा, मग दार आपटल्याचा.

"हे काय चाललंय?" पुरुषाचा आवाज. थोडा लांबून, पण स्पष्ट.

"तुम्ही... तुम्ही बिश्केकला जाणार होतात ना?"

"मी काय विचारतोय? पुन्हा तेच? पुन्हा त्या बाप्यांशी गुलुगुलु?"

"कुणाशी नाही हो, विमान आहे, हे बघा ना..."

मग सपकन चपराक. हेडफोनमध्ये तो आवाज इतका जवळून आला की एसेनगुलने मान मागे घेतली. खुर्ची पडली. काहीतरी काचेचं फुटलं. ती ओरडली नाही, नुसता हुंकार आला, पोटात लाथ बसल्यावर येतो तसा. त्यामागून दुसरा. तालाय प्रत्येक फटक्याला एकेक शब्द बोलत होता, पोरांना डाव शिकवताना बोलावा तसा. "सांगितलं. होतं. ना. तुला."

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेले निरोप भराभर येऊ लागले. अकराचं बटण अडकलंय, बाहेर काढा. पेत्रोव्ना, काढा तिला, कुणालाच बोलता येत नाही. नियम सहा, नियम सहा!

मग अलेव्तिना पेत्रोव्नांची ओळ आली.

"कुणी तिला काढणार नाही. सगळ्यांनी ऐकायचं आणि आवाज साठवून ठेवायचा. ती कुठे राहते, कुणाला ठाऊक आहे?"

एसेनगुलने एका हाताने पत्ता आणि नवऱ्याचं नाव लिहिलं. दुसरा हात अजून जॉयस्टिकवर होता आणि विमान घळीच्या पहिल्या वळणावर. आपण अजून वळण का घेतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. कानात तालाय म्हणत होता, "दे तो हात. दे म्हणतो ना इकडे." आणि हाड मोडल्याचा आवाज आला. ती आता ओरडली.

एसेनगुलने हेडफोन काढून फेकला. विमान कड्याच्या दिशेने जात राहिलं. त्याने दाराशी पडलेला मोठा पाना उचलला आणि सपाता घालूनच जिना उतरला.

तीन गल्ल्या. भर दुपार होती. बाकावर म्हाताऱ्या सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. सपाता फटफटवत, हातात पाना घेऊन धावणाऱ्या फ्रिजवाल्याकडे त्या बघत राहिल्या. "काय रे, कुणाचा फ्रिज पळाला?" एकीने विचारलंसुद्धा. त्याच्या छातीत कळ येत होती. आज काही झालं तरी नाही सोडणार, असं ती म्हणाली होती. दार वाजल्यावर कॉम्प्युटर बंद करून टॉवेल गुंडाळायला तिला नेहमी वेळ मिळत असणार. आज तिने तो घेतला नाही. का घेतला नाही, हे त्याला धावता धावता कळलं, आणि मग छातीतल्या कळेचं भानच राहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर शेजारीण आपल्या दाराच्या फटीत उभी होती.

"जाऊ नका आत," ती कुजबुजली. "नवराबायकोचं आहे. होईल शांत. नेहमी होतं."

"नेहमी?"

तिने दार लावून घेतलं.

आतून बाईचा आवाज येत होता, पण तो उलकानचा नव्हता. झटापटीत हेडफोनची पिन उपटली गेली होती आणि आवाज स्पीकरवर आला होता. जॉयस्टिक खाली पडून बटणही सुटलं होतं. त्यामुळे आता बाहेरच्यांना बोलता येत होतं, आणि बोलत होत्या अलेव्तिना पेत्रोव्ना. आवाज तोच, धावपट्टी मोकळी आहे असं सांगणारा.

"तालाय. मी बिश्केकहून बोलतेय. तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. बावीस माणसांनी तुम्हाला ऐकलंय. पोलिसांना कळवलंय. तिच्यापासून दूर व्हा. तालाय, दूर व्हा."

एसेनगुलने दारावर पाना हाणला. एकदा, दोनदा. चौथ्या फटक्याला कुलपाजवळची फळी फुटली आणि तो खांद्यासकट आत पडला.

उलकान भिंतीपाशी गुडघ्यांवर होती. हेडफोनची वायर तिच्या गळ्याभोवती दोन वेढे घालून तालायने मागून धरली होती. तिचा चेहरा काळानिळा पडला होता, एक डोळा पार मिटला होता, उजवा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता. डाव्या हाताची बोटं वायरखाली घालायची तिची धडपड चालली होती.

"सोड तिला!"

तालायने वर पाहिलं. एसेनगुलला त्याने ओळखलंसुद्धा.

"तू? फ्रिजवाला?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "म्हणजे तू होय तो!"

त्याने वायर सोडली. उलकान तोंडावर पडली, घशातून खरखर हवा ओढू लागली. तेवढ्यात एसेनगुलने पाना उगारला, पण कुस्तीगिराला तो उगारलेला हात म्हणजे आयतंच निमंत्रण. तालाय आत शिरला, कमरेला विळखा घातला, आणि एसेनगुलला घर उलटं झालेलं दिसलं. तो डाव्या खांद्यावर आपटला. गळ्याजवळचं हाड वाळक्या फाटीसारखं मोडलं. पाना पलंगाखाली गेला.

मग तालाय त्याच्या छातीवर बसला आणि ठोसे मारू लागला. घाई नव्हती. पहिल्या ठोशाला नाक फुटलं, दुसऱ्याला दोन दात जिभेवर आले. एसेनगुलने त्याचा अंगठा तोंडात धरला आणि उरलेल्या दातांनी चावला, हाड लागेपर्यंत चावला. तालाय बोंबलला. त्याने दुसऱ्या हाताने एसेनगुलचा गळा धरला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. एसेनगुलच्या डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार आला. स्पीकरमधून पेत्रोव्ना अजूनही बोलत होत्या; त्याला त्यातलं एवढंच ऐकू आलं, "उलकान, उठता येतंय का? उठ, पोरी."

ती उठली. एसेनगुलला ते दिसलं नाही, फक्त स्वयंपाकघरातल्या फरशीवर लोखंड ओढल्याचा आवाज ऐकू आला. पुलावाची बिडाची कढई, दहा जणांचा भात शिजेल एवढी. मोडका हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने कढईचा कान पकडून, मांडीचा टेकू देत तिने ती आणली. तालायच्या मागे उभं राहून वर उचलली. आणि सोडून दिली.

तालाय बाजूला कलंडला. उठायला म्हणून त्याने एक हात टेकला. उलकानने कढई पुन्हा उचलली. त्याच्या कानातून रक्त येत होतं, तोंडातून नुसते आवाज, शब्द नव्हतेच. तिने कढई वरच धरून ठेवली.

"नको," एसेनगुल रक्त थुंकत म्हणाला. "बस झालं, उलकान. तो पडलाय."

"तो उठतो," ती म्हणाली. आवाज चरचरत होता, वायरीने घसा चिरल्यासारखा. "नेहमी मला वाटतं, झालं आता. आणि तो परत उठतो."

"आता नाही उठणार. बघ तरी."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कढई खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. पोलिस येईपर्यंत ती त्याच्यावर नजर रोखून होती. तिच्या पायापाशी जॉयस्टिक पडली होती, आणि पडद्यावर तिचं विमान कुठल्याशा उतारावर नाक खुपसून थांबलं होतं.

तालाय मेला नाही. कवटीला तडा गेला होता, एका कानाने कायमचं ऐकू येईनासं झालं. उलकानचं मनगट दोन जागी मोडलं होतं, बरगड्या तीन. एसेनगुलचं गळ्याजवळचं हाड डॉक्टरांनी पट्टी घालून जोडलं. डावा हात खांद्याच्या वर पुन्हा कधीच जाणार नाही, असं सांगितलं.

चौथ्या दिवशी ती त्याच्या खाटेशी आली. गळ्यावर दोन निळे पट्टे होते.

एसेनगुलने आधीच ठरवून ठेवलेलं बोलायला घेतलं. "मी तुला तसं बोलायला नको होतं. नाव कापीन म्हणून. तू त्या दिवशी बंद करून ठेवलं असतंस, तर..."

"तर पुढच्या शनिवारी झालं असतं." ती स्टुलावर बसली. "त्याबद्दल मला राग नाही. दुसऱ्याबद्दल आहे."

"कशाबद्दल?"

"वसंतात तुम्ही फ्रिज सरकवलात. फ्रिजच्या दारावर खड्डा होता, माझ्या डोक्याच्या उंचीला. तुम्ही त्यावरून हात फिरवलात. माझ्याकडे बघितलंत. आणि गॅस कमी झालाय म्हणालात."

त्याला आठवलं. पत्रा आत गेलेला होता आणि खड्ड्याच्या कडेला एक लांब केस अडकला होता. त्याने तो केस काढून पँटला पुसला होता.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी भ्यालो. मोठा माणूस, गावात मान. वाटलं, आपण कोण."

तिने मोडका हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "बटण अडकलं नव्हतं, बैके. मी दाबून ठेवलं होतं. तुम्हीच लिहिलंय ना, एकाने दाबलं की बाकी सगळ्यांना गप्प बसावं लागतं. म्हटलं, एकदा तरी सगळे गप्प बसून ऐकू देत."

गावातल्या वडीलधाऱ्यांनी दोनदा एसेनगुलच्या घरी पायधूळ झाडली. पांढऱ्या टोप्या, मानेवर मफलर, बरोबर साखर आणि चहा. पोरांचं नुकसान होतंय म्हणाले. प्रशिक्षक नाही, आखाडा ओस पडलाय. नवराबायकोत कुठे भांडण होत नाही? तिने पण मारलंच की, चांगलं कढईने मारलं. फिट्टंफाट झाली. साक्ष मागे घे, एसेनगुल, तू समजूतदार माणूस आहेस.

"मी समजूतदार होतो वसंतात," एसेनगुल म्हणाला. साखर त्यांच्याबरोबर परत पाठवली.

खटला शरदात चालला. नऊ जणांनी आवाज साठवून ठेवला होता. कोर्टात तो सुरुवातीपासून लावला. हाड मोडल्याचा आवाज आला तशी तालायची आई उठून बाहेर गेली. युसूर तोकमोकहून साक्षीला आला होता; नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, त्याला दोन वाक्यं पुरी करता येईनात. अलेव्तिना पेत्रोव्ना काठी टेकत उभ्या राहिल्या. वकिलाने विचारलं, नियमाप्रमाणे तुम्ही त्या बाईला ताबडतोब बाहेर काढायला हवं होतं ना? त्या म्हणाल्या, "हो. नियम विमानांसाठी होता."

साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. उलकानने स्वतःच्या बचावासाठी मारलं, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तालायचा धाकटा भाऊ उभा होता. तोही पैलवान. एसेनगुल खाली उतरत होता, डावा हात अजून झोळीत. भावाने काही न बोलता, सगळ्या गावादेखत, त्याच्या कानशिलात ठेवून दिली. एसेनगुल दोन पायऱ्या घरंगळला. पोलिस शिपाई सिगारेट ओढत होता. त्याने ती विझवायला चांगला वेळ घेतला. भावाने पाय उचलला, झोळीतल्या खांद्यावर नेम धरून.

उलकान मध्ये येऊन उभी राहिली. हात उगारला नाही, ओरडली नाही. मनगट अजून प्लास्टरमध्येच होतं. ती फक्त त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि तिच्या मागे युसूर, आणि काठी उचलून पेत्रोव्ना, आणि बिश्केकहून, नारीनहून आलेली चारपाच अनोळखी माणसं, जी एकमेकांना फक्त नंबराने ओळखत होती. भावाने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. थुंकला. निघून गेला.

उलकानची बहीण बालिकचीला राहत होती. तिथे दवाखान्यात कपडे धुण्याचं काम मिळणार होतं. बोओमच्या घळीतून सरोवराकाठी जाणारी गाडी स्टँडवर उभी होती, माणसं भरत होती.

उलकानने वाकून चांगला हात पुढे केला.

"उठता येतंय का, बैके?"

"येतंय," एसेनगुल म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो उठला, अंगरखा झटकला आणि तिची पिशवी उजव्या हातात घेतली.

"चला," उलकान म्हणाली. "खिडकीची जागा जाईल."